डावखुऱ्या बंदुकीची चुळबुळ

मित्रांनो, माझं वय फार नाही. सात हिवाळे पाहिलेली मी एक बंदूक आहे. सध्या साउथहॅम्प्टनजवळच्या एका दुकानात, काचेच्या आत, साखळीला बांधून उभी आहे. उभं राहणं हे बंदुकीचं कामच आहे म्हणा. पण मला ते कधीच नीट जमलं नाही. माझ्या आत एक स्प्रिंग आहे, ती सतत काहीतरी व्हायची वाट बघत असते. म्हणून आज तुम्हाला माझी गोष्ट सांगते. सांगून टाकली तर कदाचित ही चुळबुळ थोडी कमी होईल.

माझा जन्म इटलीतल्या डोंगराळ भागातल्या एका कारखान्यात झाला. माझी नळी पोलादाची आणि दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. कारखान्यातून निघायच्या आधी माझी परीक्षा झाली. नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस माझ्यात भरून उडवलं गेलं आणि मी फुटले नाही, म्हणून नळीवर लिलीच्या फुलाची इवलीशी खूण ठोकली. या मुलीला पोलादी छर्रेही चालतील, असा त्या खुणेचा अर्थ.

मी सेमी-ऑटोमॅटिक आहे. म्हणजे काय, ते सोपं करून सांगते. एक बार उडाला की त्यातला थोडासा वायू मी बाजूला वळवून घेते. तो वायू एका पिस्टनला ढकलतो, पिस्टन बोल्टला, म्हणजे नळीचं मागचं टोक बंद करणाऱ्या ठोकळ्याला, मागे ढकलतो, रिकामं काडतूस बाहेर उडतं आणि नवं आपोआप आत येतं. पोटात दोन आणि नळीत एक, अशी तीनच काडतुसं. इथल्या कायद्याने माझ्यासारखीला तेवढीच परवानगी आहे. या सगळ्या ढकलाढकलीत धक्क्याचा बराच भाग मीच पिऊन टाकते, त्यामुळे चालवणाऱ्याच्या खांद्याला तो कमी बसतो. पण एक अट असते. माझं आतलं अंग कोरडं आणि स्वच्छ हवं. तिथे घाण साचली की मी अडखळते.

माझ्यात अजून एक वेगळेपण होतं. मी डावखुरी आहे. माझं रिकामं काडतूस डाव्या बाजूने बाहेर पडतं. दुकानात आलेले लोक मला उचलायचे, खांद्याला लावायचे, आणि "अरे, ही उलटी आहे," म्हणून परत ठेवायचे. तीन वर्षं असं चाललं. तुम्हाला कोणी खेळायला घ्यायला आलं आणि तोंड बघून परत गेलं तर कसं वाटेल? तसंच मला वाटायचं.

मग एके दिवशी ऋजुता आली.

ऋजुता मूळची कोल्हापूरची, आणि माझ्यासारखीच डावखुरी. कॉलेजात एनसीसीत रायफल चालवायची. इथे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला आहे. गावाबाहेर जिल नावाच्या बाईंचं शेत आहे. जिल पासष्टीच्या, गुडघे दुखणाऱ्या आणि सगळ्यांना 'लव्ह' म्हणणाऱ्या. त्यांच्या रेपच्या पिकावर, म्हणजे आपल्या मोहरीच्या चुलतभावावर, हिवाळ्यात रानकबुतरांचे थवे उतरायचे आणि कोवळी पानं पार देठापर्यंत खाऊन टाकायचे. जिलनी बुजगावणी उभी केली, पतंग उडवले, आवाज करणारं यंत्र लावलं. कबुतरं त्या यंत्रावर बसून खायला लागली. तेव्हा त्यांनी नेमबाजीच्या मैदानावर भेटलेल्या ऋजुताला विचारलं, "येशील का गं मदतीला?"

दुकानातले एक म्हातारे कारागीर ऋजुताला म्हणाले, "आधी किंमत बघू नका, नक्षी बघू नका. डोळे मिटा आणि हिला खांद्याला लावा. आता डोळे उघडा. काय दिसतं?"

"नळीवरची पट्टी दिसते. सरळ. आणि टोकाचा मणी."

"मान वाकडी करावी लागली?"

"नाही."

"मग अर्धं काम झालं."

उरलेलं अर्धं काम त्यांनी केलं. माझा दस्ता तिच्या हातापेक्षा लांब होता, तो अर्धा इंच कापला. दस्ता आणि लोखंड यांच्यामधली पातळ चकती उलटी बसवली, म्हणजे मी तिच्या डाव्या गालाकडे किंचित झुकले. काम झाल्यावर ते म्हणाले, "एक गोष्ट ऐका. दोन नळीची बंदूक मधे वाकवून, उघडून हातावर घेतली की ती रिकामी आहे हे दहा पावलांवरून कळतं. हिचं तसं नाही. ही भरलेली आणि रिकामी सारखीच दिसते. म्हणून हे." आणि त्यांनी माझ्या बाजूच्या फटीत, जिथून रिकामं काडतूस पडतं तिथे, एक भगव्या रंगाची प्लॅस्टिकची झेंडी अडकवली. ती अडकवली की बोल्ट बंद होत नाही, आणि झेंडी लांबून दिसते.

त्याआधी परवान्यासाठी पोलिसांकडून एक बाई घरी आल्या होत्या. लोखंडी कपाट भिंतीला पक्कं केलंय का, किल्ली कुठे ठेवता, घरात अजून कोणाला ते माहीत आहे का, सगळं त्यांनी विचारलं. किल्लीची जागा ऋजुताशिवाय कोणालाच कळता कामा नये, नवऱ्यालासुद्धा नाही. ऋजुताचा नवरा वरद सॉफ्टवेअरवाला. तो म्हणाला, "बरंय. या घरात मला सापडत नाही अशी निदान एक तरी वस्तू अधिकृत झाली."

पण परवाना मिळून मी घरी आले त्या दिवशी वरद गंभीर झाला. तेव्हा त्यांची मुलगी तनया चार वर्षांची होती.

"ऋजुता, माझी एकच अट आहे. तू खोलीत नसताना तनया आणि ही बंदूक एकत्र, असं एकदाही होता कामा नये. ज्या दिवशी होईल त्या दिवशी ही घरातून जाईल. मान्य?"

"मान्य," ऋजुता म्हणाली. तिने जराही विचार केला नाही, कारण तिला ते इतकं उघड वाटलं होतं. मी कपाटात उभी राहून ऐकत होते. मला मात्र त्या दिवसापासून धाकधूक लागली. माझ्यासारख्या उलट्या, अर्धा इंच कापलेल्या बंदुकीला दुसरं घर कुठलं मिळणार?

पुढचे तीन हिवाळे माझे सुखाचे गेले. शनिवारी सकाळी तनया आणि वरद घरी पॅनकेक करायचे आणि आम्ही दोघी जिलच्या शेतावर. कुंपणाला जाळी बांधून ऋजुता आत बसायची. समोर खोटी कबुतरं मांडलेली. थवा यायचा, वळायचा, पंख थांबवून उतरू लागायचा, आणि मग मी. कधी लागायचं, बऱ्याचदा नाही. लांबच्या पक्ष्यावर ती बार टाकायची नाही. जखमी होऊन उडून गेला तर काय, म्हणायची. पडलेलं प्रत्येक कबूतर ती मोजून उचलायची. त्यांचा तांबडा रस्सा व्हायचा, आणि जिल तो नाक पुसत, डोळ्यांतून पाणी काढत दोनदा वाढून घ्यायच्या.

घरी आल्यावर माझं न्हाणं. आधी रिकामी आहे ना, डोळ्यांनी बघायचं, मग करंगळी घालून बघायचं, मग पुन्हा डोळ्यांनी. नळी काढायची. पिस्टनवरची काजळी जुन्या टूथब्रशने घासायची. नळीला वायूची दोन बारीक भोकं आहेत, ती मोकळी करायची. शेवटी तेलाचा एक थेंब, आणि तोही फडक्याने पुसून टाकायचा. मग नळीचं तोंड खाली करून रात्रभर ठेवायचं, म्हणजे उरलंसुरलं तेल लाकडात उतरत नाही. हे सगळं ती गुणगुणत करायची. मला वाटायचं, आपण आता इथल्याच.

मागच्या ऑक्टोबरमध्ये वरदची आई, मीनाक्षीआजी, सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या. आजी प्रेमळ, पण स्वस्थ बसणं त्यांना ठाऊक नव्हतं. आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी फ्रीज मागून पुसला.

"काय गं, कबुतर खाता होय तुम्ही?" त्यांनी ऋजुताला विचारलं.

"रानकबूतर आहे आई. खाऊन बघा तर."

आजींनी एक घास खाल्ला, मग दुसरा. "मीठ जरा कमी आहे," म्हणाल्या आणि ताट पुढे केलं.

खंडेनवमी आली. मित्रांनो, तुमच्या घरी त्या दिवशी कशाची पूजा होते? या घरी वरदचा लॅपटॉप, स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, गाडीची किल्ली, तनयाची कंपासपेटी, सगळं पाटावर मांडलं होतं. आजी म्हणाल्या, "आणि घरात खरंखुरं शस्त्र असताना ते कपाटात? आज त्याचा मान आहे, बाई."

ऋजुताला ते पटलं. इतकी वर्षं तिला माझी पूजा करावी असं वाटत होतं, करायला कोणी मोठं माणूस नव्हतं एवढंच. तिने मला आणलं, रिकामी असल्याचं तीनदा बघितलं, पाटावर ठेवलं. काडतुसं दुसऱ्या कपाटात कुलपात होती.

"हे भगवं फडकं काय तोंडात कोंबलंय तिच्या? फोटोत बरं नाही दिसणार," आजी म्हणाल्या.

ऋजुता हसली आणि तिने झेंडी काढली. बोल्ट खट्कन बंद झाला. मी आतून ताठ झाले.

तेवढ्यात खालून घंटी वाजली. कुरियरवाला. इमारतीचं दाराचं बटण बिघडलेलं, खाली जाऊनच पार्सल घ्यायचं होतं. वरद हेडफोन लावून आतल्या खोलीत मीटिंगमध्ये. "आई, एक मिनिट हं, हात नका लावू कोणी," म्हणून ऋजुता चपला सरकवून खाली गेली.

ती चार मिनिटांनी आली.

त्या चार मिनिटांत काय झालं, ते फक्त आम्हा तिघींना माहीत होतं, आणि आजींना तेही अर्धंच. आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "किती गं कोरडी पडलीय ही! लोखंडाला तेल नको?" हीटरवर खोबरेल तेलाची बाटली पातळ व्हायला ठेवली होती. आजी सांगलीला शिवणयंत्राला, दाराच्या बिजागरीला आणि नातीच्या डोक्याला सारख्याच मायेने तेल घालायच्या. तनयाने बाटली धरली आणि आजींनी जिथे जिथे फट दिसली तिथे तिथे धार सोडली. वर हळद, कुंकू, अक्षता. दोन दाणे तेलाबरोबर आत गेले.

मग आजी फुलं घ्यायला वळल्या. सोफ्यापाशी फुलांची परडी होती, तिथे पाठमोऱ्या उभ्या होत्या. माझ्या नळीचं तोंड नेमकं तिकडेच होतं. तनयाने कुंकवाचं बोट माझ्या घोड्यावर ठेवलं. आणि ओढलं.

टिक.

मी रिकामी होते, मित्रांनो. मला ते माहीत होतं. तनयाला नव्हतं. मला त्या क्षणी ओरडायचं होतं, इतकं की माझी स्प्रिंग थरथरली. पण माझा एकच आवाज आहे, आणि तो मला तिथे नको होता.

ऋजुता पार्सल घेऊन आली. आरती झाली, फोटो झाला. पाहुणे यायचे होते. तिने मला घाईघाईत वरून पुसलं, कुंकू निघालं, आणि कपाटात ठेवलं. आपण चार मिनिटं बाहेर होतो, हे तिला आठवत होतं की नाही कोण जाणे. मला वाटतं आठवत होतं. त्या दिवशी ती गुणगुणली नाही.

मग तनयाला खोकला झाला, मग लॅबमध्ये जास्तीच्या पाळ्या लागल्या. तीन महिने कपाट उघडलं नाही. थंडी वाढली तसं माझ्या आतलं खोबरेल हळूहळू गोठत गेलं. तुमच्या घरी हिवाळ्यात बाटलीतलं तेल पांढरं घट्ट होतं ना, तसंच. माझा पिस्टन त्या थिजलेल्या लोण्यात रुतला. मी तळमळत होते. कोणी तरी मला उघडून बघा, असं वाटत होतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी जिलचा फोन आला. अर्धं शेत कबुतरांनी फस्त केलं होतं. ऋजुताने मला न उघडता, न तपासता तशीच गाडीत ठेवली. असं तिने कधीच केलं नव्हतं. शेतावर सगळं पांढरं, गवत पायाखाली मोडत होतं. थवा आला. पहिला बार उडाला. बोल्ट मागे गेला, पुढे यायला निघाला आणि मधेच थांबला. दुसरं काडतूस तिरकं अडकलं. मी अर्धवट मिटलेल्या तोंडाची, ना भरलेली ना रिकामी.

ऋजुताने मला समोर, मातीच्या बांधाकडे धरून ठेवलं. बोट घोड्यापासून दूर. ती हलली नाही. चुकून बार उडालाच तर म्हणून मनात साठ मोजले, मग सावकाश काडतूस सोडवलं.

जिल लंगडत आल्या. माझ्या पोटात डोकावून म्हणाल्या, "हे काय गं लव्ह? आत लापशी शिजवलीस?"

ऋजुताने बोट घालून काढलं. बोटावर पांढरा गोळा. तिने वास घेतला आणि तिचा चेहरा उतरला. मग तिला त्यात तांदळाचा दाणा दिसला, पिवळा झालेला.

घरी आल्यावर तिने मला कव्हरमधून काढलं नाही. बोल्ट उघडा, झेंडी लावलेली. कव्हर खांद्याला तसंच लटकवून ती जेवणाच्या टेबलाशी उभी राहिली.

"आई, खंडेनवमीला हिच्यात तेल घातलंत का?"

"घातलं की. किती कोरडी होती. का, काय झालं?"

"मी खाली गेले होते तेव्हा?"

आजी हलक्या आवाजात म्हणाल्या, "अगं, झालं ते झालं. वरदला नको सांगूस. उगाच डोक्यात राख घालून घेईल. तुझी एवढी आवडीची वस्तू आहे."

तनया तिथे चित्र रंगवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मी पण हेल्प केली. आणि मी ते टिक केलं."

"काय टिक केलंस, बाळा?"

"ते खालचं. बोटाने. आजी फ्लॉवर्स घेत होती ना, तेव्हा."

आजी सोफ्याकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांनी भिंतीला हात टेकला.

ऋजुता मला खांद्यावर तशीच घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तिने वरदला सगळं सांगितलं. दार उघडंच होतं, बाहेर तनयालाही ऐकू जात होतं. चार मिनिटं, झेंडी, तेल, टिक. तिने त्यातलं काहीच कमी केलं नाही. आईंनी केलं, असंही म्हणाली नाही. "मी खाली गेले," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

वरदने लॅपटॉप मिटला. मी वाट बघत होते. माझं सगळं भवितव्य त्याच्या ओठांवर होतं. शेवटी तो म्हणाला, "तू मला सांगितलंस ना. मग राहू दे. पुन्हा नाही होणार. मला माहितीय तू कशी आहेस."

मित्रांनो, मी सुटकेचा निःश्वास टाकणार होते.

"नाही वरद," ऋजुता म्हणाली.

"अगं, अट माझी होती. मीच सोडतोय ती."

"तू घातलीस, पण मान्य मी केली. आणि तनयाने सगळं ऐकलंय. उद्या मी तिला कशाला नाही म्हणू? तिला वाटेल, आईचं नाही म्हणजे बघू." ती पुढे म्हणाली, "ती टिक मी आयुष्यभर ऐकणार आहे."

मी तिला सांगू शकले असते तर सांगितलं असतं, की मीही.

सोमवारी आम्ही दुकानात गेलो. आजीही बरोबर आल्या, हट्टाने. म्हाताऱ्या कारागिरांनी मला काउंटरवर खोललं, गरम पाण्यात आणि कसल्याशा द्रवात माझं अंग अंग धुतलं. दाणे निघाले.

"ठेवायला आणलीत की विकायला?" त्यांनी विचारलं.

"विकायला," ऋजुता म्हणाली.

"डावखुरी आहे. वेळ लागेल."

"लागू दे. पण जो घेईल त्याला हिची झेंडी द्या. विसरू नका." ती परवान्याच्या सर्टिफिकेटवर नोंद करून घेत होती. पोलिसांना कळवायचं पत्र तिने घरूनच लिहून आणलं होतं. मग तिने एक कोरडं फडकं मागितलं आणि माझी नळी स्वतः पुसली, तोंडापासून मागेपर्यंत, नेहमीच्याच क्रमाने. या वेळीही ती गुणगुणली नाही.

आजी पुढे आल्या. "त्यांना विचार गं, किती तेल लागतं हिला?"

ऋजुताने विचारलं. म्हाताऱ्यांनी आजींच्या बोटावर एक थेंब ठेवला आणि लगेच फडक्याने पुसून टाकला. "जे उरलं, तेवढं."

आजी आपल्या बोटाकडे बघत राहिल्या. "एवढंच? आणि मी आपली ओततेय." त्यांनी माझ्या दस्त्याला हात लावून तो कपाळाला लावला. "चुकलं बाई माझं. मला वाटलं, सगळ्यांना लागतं."

त्या गेल्या. दारावरची घंटा वाजली आणि थांबली. आता लोक येतात, मला उचलतात, "उलटी आहे," म्हणतात आणि ठेवतात. मला वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू? तिचा खांदा आठवतो. शनिवार आला की स्प्रिंग आपोआप ताणली जाते. पण मला तिचा राग येत नाही. तिने मला दिलं, आणि शब्द ठेवला. ती असं वागली नसती, तर तिच्या हातात असताना मला जे निर्धास्त वाटायचं, ते तरी कशाच्या जोरावर?

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. वस्तू असो, झाड असो नाही तर तुमचं मांजर, त्याच्यावर माया करण्याआधी त्याला काय सोसतं ते विचारा. विचारायला एक मिनिट लागतं. आणि माझ्यासारखी एखादी कुठे उघड्यावर दिसली, पाटावर, टेबलावर, कोणाच्या गाडीत, तर ती रिकामीच असेल असं मनात आणू नका. हात मागे घ्या आणि मोठ्याने हाक मारा. आजी रागावतील, पाहुणे हसतील, फोटो राहील, राहू दे. त्या दिवशी मला हाक मारता आली नव्हती. तुम्हाला येते.